हँडलवरची रेघ

मंगळवार, ९

सुरक्षा समितीला शुक्रवारपर्यंत लेखी निवेदन द्यायचं आहे. आधी इथे उतरवते.

१. रुग्ण पुरुष, वय एकाहत्तर. घड्याळं दुरुस्त करायचे, आता निवृत्त. आमच्याकडे दुसऱ्यांदा आले.

२. सकाळी १०.१० वाजता एंडोस्कोपी विभागाच्या खोली क्रमांक दोनमध्ये घेतलं. नाव, संमतीपत्र, पोट साफ असल्याची खात्री, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद केल्याची तारीख, हे सर्व मी तपासलं.

३. आतडं फुगवायला साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड जोडला. तोही मीच.

४. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, जिथे भिंत सर्वांत पातळ असते, तिथे बावीस मिलिमीटरचा चपटा पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ, होता. डॉक्टरांनी त्याच्याखाली निळं द्रावण टोचून तो उचलून घेतला आणि एकाच फासात कापायचं ठरवलं.

५. स्नेअर, म्हणजे तारेचा फास, मी पाकिटातून काढला, उघडझाप करून तपासला आणि सहायक तंत्रज्ञाच्या हातात दिला.

६. १०.४४. फास आवळल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "रेघ?" सहायक म्हणाली, "रेघेपाशी आलं, सर." डॉक्टरांनी करंटचं पेडल दाबलं.

७. कापलेल्या तुकड्याच्या खालच्या अंगाला पांढरं वर्तुळ होतं. याचा अर्थ आतड्याचा स्नायूही कापला गेला होता. ते मी पाहिलं आणि लगेच बोलले.

८. भोक दिसलं. चार क्लिपा लावून १०.५२ ला बंद केलं. रुग्णाला देखरेखीखाली वॉर्डात हलवलं.

आठ मुद्दे. तीनदा वाचले. एकही वाक्य खोटं नाही.

सहायक म्हणजे भिंगरी, माझी मामेबहीण. दोन वर्षांपासून आमच्याकडे राहते, माझ्याच खोलीत झोपते, आणि पाच महिन्यांपूर्वी मीच तिला या नोकरीवर चिकटवली. आज ती जेवली नाही. आईने तिच्यासाठी वेगळं सूप केलं, तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मग मला म्हणाली, "तू जेवलीस ना गं?" मी तिच्या समोर बसून जेवत होते.


बुधवार, १०

घड्याळवाले बरे आहेत. ताप नाही, पोट मऊ.

समितीचं काही ठरेपर्यंत भिंगरीला खोली क्रमांक दोनमध्ये यायचं नाही. भांडारात चादरी मोजायच्या. तिची कच्ची नेमणूक २६ तारखेला संपते. तिला पक्कं करायचं की घरी पाठवायचं, हे आता समिती सांगेल. घरी पाठवलं तर पुढे कुठल्याही इस्पितळात दाखवायला तिच्याकडे एवढीच एक गोष्ट असेल, की एका म्हाताऱ्याच्या आतड्याला भोक पडलं तेव्हा फास हिच्या हातात होता.

त्यामुळे सगळे तिच्याशी असे वागतात, जणू आजारी तीच आहे. मोठ्या सिस्टरनी आपला अर्धा डबा तिला दिला. लिफ्टवाला म्हणाला, "होतं पोरी, काळजी करू नकोस." सहा वर्षांत लिफ्टवाला मला फक्त "कितवा?" म्हणाला आहे.

दुपारी समितीच्या प्रमुख भूलतज्ज्ञ बाईंचा फोन. "ही रेघ काय भानगड आहे? तुमच्या नियमावलीत तर कुठे नाही."

मी सांगितलं. फास असतो रुग्णाच्या पोटात, आणि सहायकाच्या हातात असतं दोन मीटर लांब तारेच्या या टोकाचं हँडल. आत किती मांस धरलं आहे ते नुसत्या हाताला नीट कळत नाही. म्हणून फास बाहेर असतानाच रिकामा पूर्ण मिटवायचा आणि हँडलची सरकती मूठ जिथे थांबेल तिथे पेनाने रेघ मारायची. आत गेल्यावर मूठ रेघेच्या एक बोट अलीकडे अडली, तर ठीक. दोन बोटं अलीकडे अडली तर जास्त धरलंय. सोडायचं, पुन्हा धरायचं. म्हणून सर पेडलवर पाय ठेवण्याआधी "रेघ?" विचारतात.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "मारतं कोण?"

"तयारी करणारा तंत्रज्ञ."

"आणि मंगळवारी..." तेवढ्यात त्यांना ऑपरेशन थिएटरमधून बोलावणं आलं.

मंगळवारी हँडलवर रेघ नव्हती. त्या हँडलवर पकडीसाठी कंपनीची एक खाच असते, प्लास्टिकच्याच रंगाची, खऱ्या जागेच्या दोन बोटं अलीकडे. भिंगरीने तिलाच रेघ धरलं.

संध्याकाळी केस विंचरताना आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, या खेपेला कंपनीने रेघेत निळा रंगच भरला नव्हता ना गं? नुसती खाच होती."

"असेल," मी म्हटलं.

ती बराच वेळ बघत राहिली, मग दिवा मालवला. इतकी साधी आहे. तिला अजून काहीच कळलेलं नाही.


गुरुवार, ११

पहाटे ताप १०१.८. दहापर्यंत पोट फळीसारखं कडक. शस्त्रक्रिया विभागाने साडेअकराला आत घेतलं. दुर्बिणीतूनच केली. पहिली नळी सुई टोचून आंधळेपणाने न घालता बेंबीजवळ छोटा छेद देऊन, बघत बघत घातली. आतडी फुगलेली असताना तेच बरोबर. वाहिलेला पू धुऊन काढला, भोक टाक्यांनी शिवलं. दोन तास दहा मिनिटं.

बाहेर त्यांची सून बसली होती. तिच्या मनगटात पुरुषी, मोठं, चांदीच्या रंगाचं घड्याळ. मला म्हणाली, "त्यांनी आत जाताना काढून दिलं. म्हणाले, किल्ली दे रोज सकाळी, बंद पडलं तर मी गेलो असं समजेल ते." मग हसली आणि रडली. मी पाण्याचा ग्लास आणून दिला. ग्लास आणायला जे अंतर होतं तेवढं बरं वाटलं.


शुक्रवार, १२

निवेदन दिलं. तेच आठ मुद्दे.

सरांनी समितीला तोंडी सांगितलं ते मोठ्या सिस्टरकडून कळलं. "पेडलवर पाय माझा होता. तुकड्या-तुकड्यांनी काढता आला असता, मी एकदम काढायला गेलो. त्या पोरीला कशाला उभी करता?"

त्या पोरीला.

सर मला सहा वर्षं "अहो मॅडम" म्हणतात. स्कोप द्या, बायॉप्सी घ्या, अहो मॅडम जरा लाइट. मला ते आवडायचं. वाटायचं, आदर आहे. भिंगरी आली आणि तिसऱ्या आठवड्यात ती "अगं" झाली. घरातलं नाव त्यांना कसं कळलं देव जाणे, पण दोन महिन्यांत "भिंगरे, चल" सुरू झालं. अहो म्हणजे अंतर असतं, हे मला तेव्हा समजलं.

सहा वर्षांत माझी बाजू घ्यायची वेळ सरांवर आली नाही, कारण मी कधी चुकलेच नाही. चुकले असते तर घेतली असती का, हा प्रश्न आज दिवसभर डोक्यात होता. वॉर्डात माणूस नळ्या लावून पडलेला असताना मला हा प्रश्न पडतो, याची नोंद ठेवते.


रविवार, १४

मामाचा फोन. "तूच नेलंस ना तिला तिथे? मग तूच बघ आता." आईने स्पीकर लावला होता. भिंगरी आतून ओरडली, "बाबा, ताईला काही बोलू नका." झालं, आईचे डोळे भरून आले. "बघ, अशा वेळीही तुझीच बाजू."

मी म्हटलं, "मला कुणी विचारलं का, मी कशी आहे?"

"तुला काय होतंय?" आई म्हणाली. "तू लहानपणापासून दगड आहेस. ती कोवळी आहे."

ठीक. दगडाने आता जे आठवतं ते लिहावं.

पहिले दोन महिने फास माझ्या हातात असायचा, भिंगरी स्कोप, म्हणजे आत घालायची दुर्बीण, धुवायची. एकदा मी रजेवर होते तेव्हा सरांनी तिला धरायला दिला. परत आले तर म्हणाले, "अहो मॅडम, हिचा हात फार हलका आहे. फास हिच्याकडेच राहू दे, तुम्ही तयारी बघा. तयारीत तुमच्याइतकं चोख कुणी नाही." म्हणजे सहा वर्षं फास धरणारी मी पाकिटं फोडायला लागले.

पाकीट फोडायचं, फास मिटवायचा, रेघ मारायची, तिच्या हातात द्यायचा. तीन महिने, दिवसाला सहा-सात वेळा. ती बरोब्बर थांबायची. "वा," सर म्हणायचे, "काय थांबते ही, जादू आहे बोटांत." ती थांबायची माझ्या रेघेपाशी. जादू माझ्या पेनात होती आणि पाठ तिची थोपटली जात होती. हे कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, पोटात दुखतंय का तुझ्या.

दुसऱ्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "ताई, ही निळी रेघ कसली गं?" मी धुतलेला स्कोप वाळवत होते. तिच्याकडे न बघता म्हटलं, "कंपनीकडूनच येते."

असं का म्हटलं? कामाची घाई होती. शिवाय सगळंच पहिल्या दिवसापासून आयतं कशाला द्यायचं? मलाही कुणी


सोमवार, १५

कालचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण ते खोटं झालं असतं. मला सांगितलं होतं. माझ्या आधीचे तंत्रज्ञ, आता निवृत्त, त्यांनी मला पहिल्याच दिवशी, मी न विचारता, कानामागचं पेन काढून दाखवलं होतं. "हे पुस्तकात नाही, पोरी. एका माणसाच्या पोटाला भोक पाडून शिकलोय. तुला ते करायची गरज नाही."

मंगळवारी रेघ मारायची राहिली. तिसऱ्या केसची घाई, चुकीच्या आकाराचं पाकीट बदलून आणायला भांडारात जावं लागलं, त्यात राहिली.


मंगळवार, १६

घड्याळवाले अतिदक्षता विभागातून वॉर्डात आले. जेवणाच्या सुटीत मी भेटून आले. चेहरा अर्धा झाला आहे, पण जीभ शाबूत. सुनेने मनगट पुढे करून घड्याळ दाखवलं. ते म्हणाले, "मागचं झाकण उघडलं की आत काहीतरी हलतंच. आमच्या धंद्यातही गिऱ्हाईक म्हणायचं, देताना चालू होतं, घेताना बंद. मी म्हणायचो, असं कसं, मी तर फक्त धूळ झटकली."

सून म्हणाली, "बाबा, हसू नका, टाके दुखतील."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी मी तुम्हाला काहीतरी विचारलं होतं का हो? आठवतंय आणि नाहीही. औषधाच्या गुंगीत माणूस काय वाटेल ते बरळतो."

"असेल," मी म्हटलं. हा शब्द मी आठवड्यात दुसऱ्यांदा वापरला.

त्यांनी विचारलं होतं. पहिल्या खेपेला ते जागेच राहिले होते, भूल नको म्हणाले होते, आणि मला हँडलवर रेघ मारताना बघून खूश झाले होते. "आम्हीही झाकणाच्या आतल्या बाजूला खूण करायचो, पुन्हा उघडताना कळावं म्हणून. तुम्ही आमच्या जातकुळीतल्या." या खेपेला गुंगीचं औषध दिलं होतं. मी फास मिटवून मूठ थांबलेली बघत होते, तेव्हा अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "आज पेन नाही?"

पेन खिशात होतं. निळं. टोपण माझ्या बोटाला लागत होतं.

त्याच क्षणी सर म्हणाले, "भिंगरे, चल, दाखव तुझा हात."

मी मनात म्हटलं, दाखवू दे. आणि फास तिच्या हातात दिला.

"राहिली" हा शब्द बरोबर नाही. काल लिहिलेलं भांडारात जाणं दुसऱ्या केसच्या वेळचं आहे. खोडत नाही, दोन्ही असू दे.

मला कुणाचं काही वाईट व्हायला नको होतं. फार तर ती अडखळेल, "रेघ दिसत नाही, सर" म्हणेल, आणि सर माझ्याकडे बघतील, एवढंच. मग मी पेन काढलं असतं. ती "रेघेपाशी आलं" म्हणाली तेव्हा मला कळलं की ती खाच बघते आहे. "थांबा" म्हणायला किती वेळ होता, ते मी मोजलं आहे. पेडल दाबायला सर तीन-चार सेकंद घेतात. मला वाटलं, बहुधा धरलं असेल नीट. हात हलका आहे ना तिचा.


गुरुवार, १८

समितीने बोलावलं. भूलतज्ज्ञ बाई आणि दोघे. माझं निवेदन समोर. बाई म्हणाल्या, "सातवा मुद्दा. ते पांढरं वर्तुळ तुम्हालाच दिसलं, डॉक्टरांनाही नाही. आठ मिनिटांत भोक बंद झालं. गॅसही योग्य लावला होता. नाहीतर पोट त्याच दिवशी फुगलं असतं. तुमच्यासारखं लिहिणारं माणूस प्रत्येक विभागात हवं."

रेघेबद्दल विचारायचं त्या विसरल्या. मी आठवण केली नाही.

बाहेर सर उभे होते. सही करायला पेन मागितलं. मी दिलं. ते तेच होतं. सही करत, मान खाली घालून म्हणाले, "अगं, तू ते वर्तुळ पाहिलं नसतंस तर आज आपण वेगळ्याच कागदावर सह्या करत असतो."

अगं.

सहा वर्षं. मी जिन्याच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं हे ऐकल्यावर काहीतरी होईल. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि दुसरं कुणी "येऊ दे, येऊ दे, बस" म्हणत होतं. गाडी भिंतीच्या हातभर अलीकडे थांबली.


शनिवार, २०

भिंगरीचं निवेदन सोमवारी द्यायचं आहे. तिने कागद आणून दिला. "ताई, शुद्धलेखन बघशील? तुझ्यासारखं नाही लिहिता येत."

दोन जागी वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली. मग तिसरं वाक्य वाचलं. "हँडलवरची रेघ कशाची असते, हे मी कधी कुणालाच विचारलं नाही. विचारायला हवं होतं. चूक माझी आहे."

मी म्हटलं, "तू विचारलं होतंस."

"हो का? मला नाही आठवत."

"दुसऱ्या आठवड्यात. मी स्कोप वाळवत होते."

ती पलंगावर बसून मोजे जुळवत होती. आईचे, माझे, स्वतःचे. "ताई," ती म्हणाली, "त्या दिवशी घड्याळवाल्यांना वॉर्डात नेलं ना, मी मागे राहिले. कचऱ्याच्या डब्यात सकाळच्या दुसऱ्या केसचा फास होता. त्याच्या रेघेवरून अंगठा फिरवला. निळा झाला. कंपनीची शाई अशी पुसली जाते का?"

मी कागदाची घडी घातली.

"मग तुला विचारलं, रंग भरला नव्हता का म्हणून. म्हटलं, तू सांगशील."

म्हणजे आरशातून बघत होती ती मंगळवारपासून सगळं माहीत असूनच. अकरा दिवस माझ्या शेजारच्या पलंगावर झोपली, माझ्या हातचा चहा प्यायली, मामाला ओरडून गप्प केलं.

"मग हे असं का लिहिलंस?"

"दोघी घरी बसलो तर आत्या डबे कुणाचे भरेल?" ती हसली. मग हसू गेलं. "मला परत कुठेतरी मिळेल काही. दुकानात उभी राहीन. तुला दुसरं काय येतं, ताई? तू तिथली नसलीस तर कोण असशील?"

मला लागावं म्हणून ती हे म्हणाली नव्हती. म्हणूनच जास्त लागलं.

आईने दारातून डोकावून विचारलं, "काय गुलुगुलू चाललंय?" भिंगरी म्हणाली, "आत्या, ताई माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढतेय." आई म्हणाली, "काढू दे. तिला दुसऱ्याच्या चुका फार छान दिसतात."

नंतर बराच वेळ राग आला. सर तिचे, आई तिची, लिफ्टवालासुद्धा तिचा. आता माझ्या गुन्ह्याची शिक्षाही तीच भोगणार, आणि ती भोगताना मोजे जुळवणार. इथेही पुढे. मी पक्की राहणार, सर मला अगं म्हणणार, आणि दर वेळी ती फक्त माझ्याकडे बघणार, प्रेमाने. ते मला जमणार नाही. हे चांगलं कारण नाही. सध्या माझ्याकडे हेच आहे.


रविवार, २१

मुदत संपलेले तीन फास विभागातून सही करून घरी आणले होते, प्रशिक्षणासाठी म्हणून. जेवणाच्या टेबलावर बसलो. भांडी घासायचा नवा स्पंज भिजवून त्याचे तुकडे केले, एका पुठ्ठ्याच्या नळीत ठेवले, म्हणजे तिला आतलं दिसणार नाही.

"मिटव. पूर्ण. मूठ कुठे थांबली? तिथे रेघ."

तिने मारली. वाकडी.

"सरळ मार. कुणाच्या तरी पोटाचा प्रश्न आहे."

आई म्हणाली, "जेवायच्या जागी हे कसलं गळफासाचं खेळणं मांडलंय?"

"आत्या, बोट घाल, दाखवते," भिंगरी म्हणाली. आईने खरंच घातलं, आणि "अगो बाई, अलगद धरलंन गं हिने" म्हणून आनंदाने माझ्याकडे बघितलं.

वीस वेळा करवून घेतलं. छोटा तुकडा, मोठा तुकडा, दोन तुकडे एकदम. शेवटच्या पाचांत मी रेघ पुसून टाकली, तिला न सांगता. पाचही वेळा तिने हँडल डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाली, "रेघ नाही. थांबा." खाचेकडे बघितलंसुद्धा नाही.

नंतर मी करून पाहिलं. स्पंजवर माझ्या फासाचा वळ उठतो. तिच्या फासाचा उठत नाही. तिचा हात खरंच हलका आहे. माझ्यापेक्षा. एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा पुन्हा तपासावं लागणार नाही.

पेन तिला दिलं नाही. ते तिने स्वतःचं घ्यावं.


सोमवार, २२

सकाळी वॉर्डात गेले. घड्याळवाल्यांना सांगितलं, "तुम्ही मला विचारलं होतं, आज पेन नाही का. पेन होतं. मी रेघ मारली नाही. चूक माझ्या बहिणीची नव्हती."

ते छताकडे बघायला लागले. सून उठून उभी राहिली होती. मग ते म्हणाले, "मला वाटलंच होतं की मी काही बरळलो नव्हतो." एवढंच. तुम्ही आमच्या जातकुळीतल्या, असं या वेळी म्हणाले नाहीत. सुनेने मनगटावरचं घड्याळ हाताने झाकलं आणि मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले.

भिंगरीचा कागद माझ्या कपाटात आहे, दिलेला नाही. तिला कळेल तेव्हा चिडेल. चिडू दे, ते तरी माझ्या वाट्याला येईल. हे पत्र पोचलं की ती खोली क्रमांक दोनमध्ये परत जाईल, सर म्हणतील "भिंगरे, चल", आणि मी तिथे नसेन. हे मला आवडत नाही. तरी पाठवते आहे. खाली प्रत उतरवून ठेवली.

प्रति, सुरक्षा समिती.

दिनांक १२ च्या माझ्या निवेदनात पुढील दुरुस्ती करावी.

५अ. स्नेअर तपासल्यावर हँडलवर रेघ मारणं हे तीन महिन्यांपासून माझं काम होतं. त्या दिवशीच्या आधीच्या दोन केसना मी ती मारली होती. या केसला मारली नाही.

५आ. पेन माझ्या खिशात होतं. मला विसर पडला नव्हता. रुग्णाने त्याबद्दल विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही.

५इ. सहायक तंत्रज्ञाने रुजू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात मला रेघेबद्दल विचारलं होतं. ती कंपनीकडून येते, असं मी तिला सांगितलं. ते खोटं होतं. तिने दिलेल्या किंवा देणार असलेल्या कोणत्याही निवेदनात याहून वेगळं असेल, तर ते मला वाचवण्यासाठी आहे.

६अ. सहायक खाचेला रेघ समजते आहे, हे पेडल दाबण्यापूर्वी मला कळलं होतं. मी थांबवलं नाही.

मुद्दा ७ मधील निरीक्षण खरं आहे. त्याचं श्रेय मला देऊ नये.

कारण विचारलं जाईल. ते मी समितीसमोर तोंडी सांगेन, लिहून देणार नाही.

दोन विनंत्या. रेघ कोणी, कधी आणि कशी मारायची हे नियमावलीत लिहावं, आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी, त्याने विचारायची वाट न पाहता, दाखवावं. दुसरी, सहायक तंत्रज्ञाची कच्ची नेमणूक शुक्रवारी, २६ तारखेला संपते. तिच्याबद्दलचा निर्णय या दुरुस्तीनंतर काय राहतो, ते मला गुरुवार, २५ तारखेला दुपारी चार वाजेपर्यंत लेखी कळवावं.